जगण्याला किती गुण?

एखाद्या उपचाराचा उपयोग होतो की नाही हे ठरवण्याची सर्वांत जुनी कसोटी म्हणजे रुग्ण जगला की नाही, आणि जगला तर किती काळ. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली कर्करोगाची नोंदवही सुरू केली. एका ठरावीक भागातील सर्व रुग्णांची नोंद घेणारी ही भारतातील पहिली नोंदवही होय. कोणत्या अवयवाचे कर्करोग किती आढळले, किती रुग्ण दगावले, हे अशा नोंदवहीवरून कळते. परंतु मुलुंडच्या एखाद्या रुग्णाने उपचारानंतरची तीन वर्षे कशी काढली, त्याला घास गिळता येत होता का, रात्री झोप लागत होती का, तो कामावर परत गेला का, या प्रश्नांची उत्तरे तिच्यात मिळत नाहीत. ते तिचे कामही नाही.

ही उत्तरे मिळवण्यासाठी वैद्यकशास्त्राने एक वेगळे साधन घडवले आहे. रुग्णाच्या हाती छापील प्रश्नावली द्यायची, त्याची उत्तरे आकड्यांत बदलायची आणि शून्य ते शंभर यांच्या दरम्यान गुण काढायचे. याला ‘जीवनाची गुणवत्ता मोजणे’ असे म्हणतात. नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये आता आयुर्मानाच्या आकड्याशेजारी हा आकडाही बहुधा दिलेला असतो, आणि दोन उपचारांपैकी कोणता निवडावा हे ठरवताना त्याचा आधार घेतला जातो. म्हणून या मोजपट्टीची तपासणी करणे आवश्यक आहे. शिक्षकांना तर हा विषय मुळीच परका नाही. माणसाच्या अंगच्या एखाद्या गोष्टीला गुण देणे, त्यांची बेरीज करणे आणि त्या बेरजेवरून निर्णय घेणे हे काम आपण दर सहामाहीला करतो. त्यातील खाचखळगेही आपल्याला ठाऊक आहेत.

आधी गुण कोण देत होते?

या क्षेत्रातील पहिली प्रसिद्ध मोजपट्टी अमेरिकेतील डॉ. डेव्हिड कर्नोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तयार केली. नायट्रोजन मस्टर्ड हे त्या काळातील नवे औषध फुप्फुसाच्या कर्करोगावर वापरून पाहत असताना गाठ किती लहान झाली यापलीकडे काहीतरी नोंदवावे, अशी गरज त्यांना वाटली. पट्टी सोपी होती. पूर्ण धडधाकट माणूस म्हणजे १००, मृत्यू म्हणजे ०, आणि मधे दहा-दहाच्या पायऱ्या. स्वतःचे सर्व करता येते, पण नेहमीचे काम जमत नाही अशा रुग्णाला ७०, तर बरीच मदत आणि वारंवार वैद्यकीय देखभाल लागते अशाला ५०. ही पट्टी आजही वापरात आहे.

तिच्यात एक उणीव होती. गुण देणारा डॉक्टर होता आणि रुग्णाला कोणी काही विचारत नव्हते. १९८८ साली ब्रिटनमधील मॉरिस स्लेविन आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांनी केलेले मूल्यमापन व रुग्णांनी स्वतःचे केलेले मूल्यमापन शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दोहोंचा मेळ फारसा बसला नाही. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. मळमळ, भीती आणि थकवा बाहेरून दिसत नाहीत.

तीस प्रश्नांची प्रश्नावली

कर्करोगावरील संशोधन व उपचारांसाठी स्थापन झालेल्या, ब्रुसेल्स येथील युरोपीय संघटनेने, म्हणजे ई.ओ.आर.टी.सी.ने, १९९३ साली आपली तीस प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नील आरॉन्सन हे तिचे प्रमुख रचनाकार. तेरा देशांतील ३०५ फुप्फुसकर्करोगाच्या रुग्णांवर तपासून ती सिद्ध करण्यात आली. तिचे लघुनाव ‘सी-३०’. आज कर्करोगाच्या चाचण्यांमध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी ती एक आहे, म्हणून या लेखात तिचाच विचार करू.

पहिले पाच प्रश्न शारीरिक हालचालींचे आहेत: जड पिशवी किंवा सूटकेस उचलण्यासारखे श्रमाचे काम, लांब चालणे, घराबाहेर थोडेसे चालणे, दिवसा अंथरुणात किंवा खुर्चीत पडून राहावे लागणे, आणि खाणे, कपडे घालणे, अंघोळ, शौच यांसाठी मदत लागणे. त्यापुढे काम, छंद, थकवा, वेदना, मळमळ, झोप, भूक, स्मरणशक्ती, चिंता, कुटुंब, समाजातील वावर आणि पैशाची अडचण यांविषयीचे प्रश्न येतात. ‘अजिबात नाही’, ‘थोडेसे’, ‘बरेच’, ‘खूपच’ यांपैकी एक उत्तर निवडायचे आणि त्याला अनुक्रमे १ ते ४ अंक. शेवटचे दोन प्रश्न एकूण प्रकृती आणि एकूण जीवनाच्या गुणवत्तेविषयी असून त्यांना १ ते ७ अंक आहेत.

या प्रश्नावलीच्या जमेच्या बाजू आधी सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे ती रुग्णालाच विचारते. दुसरी, ती सर्व उत्तरांची एकच गोळाबेरीज करत नाही. शारीरिक क्षमता, भावना, वेदना, थकवा यांचे गुण वेगवेगळे राहतात, जसे प्रगतिपुस्तकात गणित आणि भाषा वेगवेगळ्या ओळींत असतात. तिसरी बाब आपल्याकडे विशेष महत्त्वाची. तीस प्रश्नांपैकी एकातही ‘कॅन्सर’ हा शब्द नाही. ‘तुमची शारीरिक स्थिती किंवा उपचार’ असा उल्लेख आहे. ज्या घरात आजोबांना रोगाचे नाव सांगितलेले नसते, तेथेही ही प्रश्नावली देता येते. आणि चौथी, निरनिराळ्या कर्करोगांसाठी तिला जोडप्रश्नावल्या आहेत. डोके व मान यांच्या कर्करोगासाठी असलेल्या जोडप्रश्नावलीत घरच्यांसमोर जेवताना त्रास होतो का, चारचौघांत जेवताना होतो का, तोंड उघडायला त्रास होतो का, असे प्रश्न आहेत. तंबाखू आणि गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाला शस्त्रक्रियेनंतर पंगतीत बसण्याचा किती संकोच वाटतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रश्नांचे मोल सांगावे लागणार नाही. सी-३० आणि ही जोडप्रश्नावली यांची हिंदी व मराठी भाषांतरे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांवर तपासण्यात आली आणि त्याचा अहवाल २००५ साली ‘इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये प्रसिद्ध झाला.

साठ आणि साठ

आता गुण कसे निघतात ते पाहू. शारीरिक क्षमतेच्या पाच उत्तरांची सरासरी काढायची, तिच्यातून १ वजा करायचा, ३ ने भागायचे, ते १ मधून वजा करून १०० ने गुणायचे. सर्व उत्तरे ‘अजिबात नाही’ असतील तर १०० गुण, सर्व ‘खूपच’ असतील तर ०.

दोन कल्पित रुग्ण घेऊ. घाटकोपरच्या बाईंची उत्तरे ४, ४, १, १, १ अशी आहेत. ओझे उचलवत नाही, लांब चालवत नाही. पण त्या घरात वावरतात आणि स्वतःचे सर्व स्वतः करतात. बेरीज ११, सरासरी २.२, गुण ६०. अंधेरीच्या बाईंची उत्तरे २, २, २, २, ३ आहेत. त्या हिंडूफिरू शकतात, पण शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडल्यामुळे अंघोळीला आणि कपडे घालायला त्यांना बरीच मदत लागते. बेरीज ११, सरासरी २.२, गुण ६०.

दोघींनाही साठ! एकीला बाजाराला जाणारे कोणी मिळाले की तिचे भागते. दुसरीच्या घरात रोज सकाळी कोणीतरी थांबावे लागते, म्हणजे एखादी सून किंवा मुलगी कामाला उशिरा जाते किंवा काम सोडते. सरासरी काढताना हा फरक नाहीसा झाला. भाषेत नापास आणि गणितात पहिला आलेल्या मुलाला ‘सर्वसाधारण’ ठरवणारी सरासरी आपण ओळखतो. ही तिचीच बहीण आहे. हजार रुग्णांची तुलना करताना असे फरक काही अंशी एकमेकांना झाकतात, त्यामुळे संशोधनासाठी सरासरी चालते. परंतु समोर बसलेल्या एका रुग्णासाठी तिच्यावर विसंबू नये. त्याची पाच उत्तरे वाचायला अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ लागत नाही.

पैशाच्या प्रश्नाची स्थिती याहून बिकट आहे. उपचारांमुळे आर्थिक अडचण आली का, हा एकच प्रश्न आणि त्याची चारच उत्तरे. त्यामुळे गुण ०, ३३, ६७ किंवा १०० यांपैकीच काहीतरी असतात. दागिने गहाण ठेवणारा आणि राहती खोली विकणारा, दोघेही ‘खूपच’वर खूण करणार. युरोपात जेथे उपचारांचा बहुतेक खर्च शासन किंवा विमा उचलतो, तेथे एक प्रश्न पुरत असेल. आपल्याकडे तो पुरत नाही.

भाषांतर पुरेसे आहे काय?

ई.ओ.आर.टी.सी.ची भाषांतराची पद्धत काटेकोर आहे. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, दोन्ही मसुदे जुळवायचे, दुसऱ्यांनी ते पुन्हा इंग्रजीत आणायचे, मग काही रुग्णांना देऊन शब्द समजतात का ते पाहायचे. शब्दांची चूक या पद्धतीने सापडते. पण शब्द बरोबर असूनही प्रश्न परका राहू शकतो. जड पिशवीपेक्षा भांडुप किंवा विक्रोळीच्या डोंगरावरील वस्तीत पाण्याचा हंडा हे खरे ओझे आहे. ‘छंद किंवा फावल्या वेळातील गोष्टी’ करताना अडथळा आला का, असे चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला विचारले तर ती ‘अजिबात नाही’ म्हणेल, आणि ते खरेच असेल. कारण फावला वेळ आधीही नव्हता. तिच्या गुणांत मात्र ती सुखी दिसेल.

‘जीवनाची गुणवत्ता’ हा शब्दप्रयोगसुद्धा आपल्या बोलण्यातला नाही. ‘राहणीमान’ म्हटले की पैसा डोळ्यांपुढे येतो, ‘जीवनमान’ म्हटले तरी जवळपास तेच, आणि ‘गुणवत्ता’ म्हटले की शालान्त परीक्षेची यादी. मराठी माणूस हा प्रश्न ‘कसं काय चाललंय?’ अशा शब्दांत विचारतो, आणि त्याचे उत्तर ‘चाललंय’ असे असते. त्या एका शब्दाला १ ते ७ मधला अंक देणे सोपे नाही.

याहून महत्त्वाचा आक्षेप न विचारलेल्या प्रश्नांविषयी आहे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’मधील डॉ. संतोष चतुर्वेदी यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय लोकांना आयुष्यात महत्त्वाचे काय वाटते हे विचारले. मनःशांती, आध्यात्मिक समाधान आणि कुटुंबातील सुख यांना लोकांनी शारीरिक क्षमतेहून वरचे स्थान दिले. सी-३० मध्ये चिंता आणि उदासीनता आहे, पण मनःशांती नाही. आजारामुळे कौटुंबिक जीवनात आलेला व्यत्यय आहे, पण कुटुंबाने दिलेला आधार नाही.

प्रवासाचा प्रश्नही नाही. तोंडाच्या कर्करोगावरील किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे चालतात. मुलुंडचा रुग्ण परळच्या रुग्णालयात उपचार घेत असेल तर तीस-पस्तीस वेळा धिम्या लोकलने जाणे आणि येणे आले. बोरिवलीच्या रुग्णाला त्यात दादरचा जिना आणि गाडी बदलणे. लोकलमध्ये दिव्यांग आणि कर्करोगग्रस्तांसाठी राखीव डबा असतो, म्हणजे रेल्वेने हा त्रास ओळखला आहे. प्रश्नावलीने तो अजून ओळखलेला नाही. उपचारापायी खर्ची पडणारे दिवस हाही उपचाराचा दुष्परिणाम मानावा, असे प्रतिपादन अर्जुन गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली केले. उपनगरातील रुग्णाला ते कोणी सांगण्याची गरज नव्हती.

कधी विचारले आणि कोण हजर होते?

सी-३० मधील बहुतेक प्रश्न ‘गेल्या आठवड्यात’ या शब्दांनी बांधलेले आहेत. आता दर २१ दिवसांनी दिले जाणारे एखादे औषध घ्या. मळमळ, उलट्या, तोंड येणे हा त्रास बहुधा पहिल्या दहा-बारा दिवसांत होतो. रुग्ण पुढच्या सलाइनसाठी एकविसाव्या दिवशी रुग्णालयात येतो, तेव्हा त्याला प्रश्नावली दिली जाते. तो पंधराव्या ते एकविसाव्या दिवसांविषयी उत्तरे देतो आणि ती चांगली असतात. वाईट दिवस विचारण्याच्या आधीच होऊन गेलेले असतात. दोष प्रश्नाचा नाही, वेळापत्रकाचा आहे, आणि वेळापत्रक रुग्णालयाच्या सोयीने ठरते.

दुसरा दोष गैरहजेरीचा. एक कल्पित उदाहरण पाहू. दहा रुग्णांपैकी सात जणांना ६२ आणि तिघांना २२ गुण आहेत. सरासरी ५०. सहा महिन्यांनी ते तिघे येऊ शकत नाहीत. एक दगावला आहे, एक अंथरुणाला खिळला आहे, एक गावी परत गेला आहे. उरलेल्या सातांचे गुण होते तेवढेच आहेत, तरी सरासरी ६२ झाली. कॅनडाचे डेव्हिड ओसोबा आणि सहकारी यांनी १९९८ साली दाखवले की, या मापावर ५ ते १० गुणांचा फरक रुग्णांना ‘थोडा’ आणि १० ते २० गुणांचा ‘मध्यम’ जाणवतो. म्हणजे येथे कोणाचेही दुखणे तिळभर कमी न होता कागदावर मध्यम सुधारणा झाली! कच्च्या मुलांना परीक्षेला न बसवता शाळेचा निकाल वाढवण्यासारखेच हे आहे. फक्त येथे कोणी लबाडी केलेली नसते.

तिसरी अडचण अशी की, मोजपट्टी धरणारा हातच बदलतो. वर्षभराच्या आजारानंतर माणूस ‘बरे’ या शब्दाचा अर्थ बदलून घेतो. पूर्वी ज्या थकव्याला तो ‘खूपच’ म्हणाला असता, त्याला आता ‘थोडासा’ म्हणतो. मिर्जाम स्प्रँगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी १९९९ साली या बदलाची पद्धतशीर मांडणी केली. याला चूक म्हणता येणार नाही, कारण जुळवून घेणे हाही जगण्याचाच भाग आहे. मात्र पहिल्या महिन्यातले ५० आणि बाराव्या महिन्यातले ५० एकाच मापाचे आहेत, असे डोळे झाकून धरता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. रुग्णाला वाचता येत नसेल किंवा चष्मा घरी राहिला असेल, तर मुलगा प्रश्न वाचतो आणि उत्तरेही तोच देतो. आई बाजूला बसून मान हलवते. रुग्णाचे स्वतःचे म्हणणे मिळवण्यासाठी एवढा खटाटोप केला आणि शेवटी पुन्हा दुसऱ्यानेच गुण दिले.

मग हे मोजणे सोडून द्यावे काय?

इतके आक्षेप घेतल्यावर काही वाचक म्हणतील की, सुखदुःखाचे मोजमाप करू जाणे हाच मूळ दोष आहे. मला तसे वाटत नाही. जे मोजले जात नाही ते रुग्णालयाच्या कागदावर येत नाही, आणि जे कागदावर येत नाही त्यासाठी माणसे आणि पैसा मिळत नाही. मरणासन्न कर्करोग्यांची सेवा करणारे भारतातील पहिले केंद्र, शांती आवेदना सदन, १९८६ साली वांद्र्याला सुरू झाले. टाटा स्मारक रुग्णालयाची स्थापना १९४१ ची. तेथे वेदनाशामक व परिहारक उपचारांचा विभाग १९९६ साली सुरू झाला. रुग्ण बरा होणार नसला तरी त्याच्यासाठी करण्यासारखे पुष्कळ असते, ही समजूत रुजायला किती काळ लागला, हे या वर्षांवरून दिसते.

मोजण्याचा उपयोग दाखवणारे पुरावेही आहेत. बोस्टनमधील जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी शरीरात पसरलेल्या फुप्फुसकर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून सुरुवातीपासूनच परिहारक उपचारांची जोड दिली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बारा आठवड्यांनी त्यांच्या जीवनाची गुणवत्ता अधिक चांगली होती, नैराश्य कमी होते, आणि आयुष्याचा मध्यकही ८.९ ऐवजी ११.६ महिने निघाला. न्यूयॉर्कमध्ये ईथन बाश यांनी ७६६ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाने आपला त्रास संगणकावर वेळोवेळी नोंदवायचा आणि तो वाढला की परिचारिकेला लगेच सूचना जायची. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार या गटाच्या आयुष्याचा मध्यक ३१.२ महिने होता, तर नेहमीची देखभाल मिळालेल्यांचा २६. या दुसऱ्या अभ्यासात उत्तर कपाटात पडून राहिले नाही. ते त्याच दिवशी कोणीतरी वाचले आणि काहीतरी केले.

आमच्याकडे नेमके येथेच घोडे अडते. अनेकदा प्रश्नावली प्रबंधासाठी किंवा चाचणीसाठी भरली जाते आणि रुग्णाला त्याच्या उत्तरांचे पुढे काय झाले ते कळत नाही. ‘खूप दुखते’ यावर खूण करून माणूस तीच जुनी गोळी घेऊन घरी जातो. बी.एड.ला आपण सप्रमाणता आणि विश्वसनीयता शिकलो. त्यांच्या जोडीला तिसरी कसोटी लावली पाहिजे: या उत्तरामुळे उत्तर देणाऱ्याच्या बाबतीत काही बदलले काय? त्या कसोटीवर प्रश्नावलीइतकेच, किंबहुना अधिक, ती वापरणारे नापास होतात.

सी-३० टाकून देण्यासारखी नाही. तिला हंडा, लोकल, कर्ज आणि मनःशांती यांचे आपले प्रश्न जोडावेत, रुग्णाच्या वाईट आठवड्यातही फोन करून विचारावे, गैरहजर राहिलेल्यांची कारणे नोंदवावीत, आणि वाचता न येणाऱ्याला घरच्यांऐवजी एखाद्या प्रशिक्षित सेविकेने प्रश्न वाचून दाखवावेत. यातील काहीही फार खर्चिक नाही.

नववी-दहावीच्या वर्गात याचा छोटा प्रयोग करता येईल. ‘शाळेत येण्याचा त्रास’ या विषयावर मुलांनाच पाच प्रश्न तयार करू द्यावेत आणि १ ते ४ अंकांत उत्तरे घ्यावीत. कागदावर नावे लिहायला सांगू नये, आणि आजाराचे किंवा घरचे प्रश्न टाळावेत. मग ज्यांची सरासरी सारखी आली ते कागद शेजारी ठेवून उत्तरे पाहावीत. त्यानंतर सर्वाधिक त्रास असलेले चार कागद बाजूला काढून सरासरी पुन्हा काढावी. सरासरीविषयी पाठ्यपुस्तकातील प्रकरणाने जे साधत नाही, ते बहुधा एका तासिकेत साधेल. आणि ‘नव्या औषधाने जीवनाची गुणवत्ता सुधारली’ अशी बातमी पुढे कधी वाचनात आली तर ही मुले विचारतील: कोणाला विचारले, कोणत्या दिवशी विचारले, कोण उत्तर द्यायला आले नव्हते, आणि उत्तर मिळाल्यावर त्यांनी काय केले?